पडद्यामागचा दिवा कोणाच्या हाती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार संपला. वृत्तपत्रांत ही बातमी आतल्या पानावर आली आणि विसरली गेली. आमच्या भिलाईत मात्र तिचा परिणाम पुढचे कित्येक आठवडे जाणवत होता. इथे अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे असलेला लॅपटॉप नवा नसतो. तो थोरल्या भावाचा, बहिणीचा किंवा सेक्टरातल्या एखाद्या ओळखीच्या काकांचा असतो. अशी अनेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग कोणीतरी सुचवते, ‘लिनक्स टाक.’ सल्ला चांगला आहे. मीही तो अनेकांना दिला आहे आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला.

एक विद्यार्थी असाच लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. तक्रार एवढीच होती, की बॅटरी पुरत नाही. सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या प्रात्यक्षिकापर्यंत मान टाकते. दुकानदाराने नवी बॅटरी घ्यायला सांगितले होते, आणि ती रक्कम त्या घराला सहज परवडणारी नव्हती. मी यंत्र सुरू केले. पडदा डोळे दिपतील इतका प्रखर होता. उजेड कमी करायचे बटण दाबले, तर पडद्यावरची पट्टी शहाण्या मुलासारखी शंभरावरून वीसावर आली. उजेड मात्र तसूभरही हलला नाही. बॅटरी निर्दोष होती. दिवा आणि कळ यांच्यामधला दुवा तुटला होता. यंत्र सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत एक शब्द वाढवला आणि उजेड बटणाचे ऐकू लागला. नवी बॅटरी घ्यावी लागली नाही.

हा दुवा म्हणजेच ड्रायव्हर. आज तो बहुतेकांना दिसत नाही, अभ्यासक्रमात त्याला नीट जागा नाही आणि राष्ट्रीय विज्ञानवार्तांत त्याचे नाव येत नाही. माझे म्हणणे असे आहे, की आपण विकत घेतलेल्या यंत्राचा दिवा मंद करण्याची सत्ता आपल्या हाती असावी. ती असायची, तर ड्रायव्हर वाचता, समजता आणि दुरुस्त करता आला पाहिजे.

प्रथम दिव्याविषयी. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावरचे ठिपके स्वतः प्रकाश देत नाहीत. ते झडपांसारखे काम करतात. मागून येणारा प्रकाश किती जाऊ द्यायचा एवढेच ठरवतात. पूर्वी मागे पातळ फ्लुरोसंट नळी असे, आता एलईडींची रांग असते. या मागच्या दिव्याला बॅकलाइट म्हणतात. आपण लेख वाचत असतो तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो, पण दिवा पूर्ण वेळ कामावर असतो. त्यामुळे साध्या वापरात एकूण विजेतला फार मोठा वाटा त्याचाच असतो. समजा, बॅटरी ४० वॅट-तासांची आहे, बाकीचे यंत्र ५ वॅट घेते आणि पडदा पूर्ण उजेडावर ५ वॅट घेतो. अशी बॅटरी चार तास चालेल. पडद्याची गरज २ वॅटवर आणली, तर तीच बॅटरी साडेपाच तासांहून अधिक चालेल. आकडे यंत्रागणिक बदलतील. गणिताची दिशा बदलणार नाही.

इथेच एक गैरसमज दूर करून घ्यावा. पडद्याची पार्श्वभूमी काळी ठेवली की वीज वाचते, असे सर्रास सांगितले जाते. ओएलईडी पडद्यावर ते खरे आहे, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा असतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. एलसीडीवर मात्र झडप बंद झाली तरी मागचा दिवा जळतच राहतो. तिथे बचत हवी असेल तर दिवाच मंद करावा लागतो आणि ते काम ड्रायव्हरचे.

बटण दाबल्यापासून दिवा मंद होईपर्यंतचा प्रवास पाहण्यासारखा आहे. बटणाची हाक आधी मुख्य पाटीवरच्या एका छोट्या नियंत्रक चिपकडे जाते. तिथून ती फर्मवेअरमार्गे ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे मानक आणले, त्यात या संवादाची भाषा ठरलेली आहे. फर्मवेअरमध्ये उजेडाच्या पातळ्यांची एक यादी असते. तिच्यातला पहिला आकडा यंत्र विजेच्या जोडणीवर असताना वापरायचा, दुसरा बॅटरीवर असताना. आपल्या डोळ्यांना किती उजेड पुरेल, याचा पहिला निर्णय यंत्र बनवणाऱ्याने आधीच घेऊन ठेवलेला असतो तो असा! शेवटी आज्ञा दिव्याच्या चालक मंडलापाशी येते. बहुतेक पडद्यांत तिथे दिव्याचा प्रवाह सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद केला जातो. चालूचा काळ कमी केला की डोळ्याला उजेड कमी वाटतो. हा वेग फार कमी ठेवला तर काहींचे डोळे दुखतात. म्हणजे या एका आकड्यात बॅटरी आणि डोळे या दोहोंचे हित गुंतलेले आहे.

मग त्या विद्यार्थ्याच्या यंत्रात दुवा कुठे तुटला होता? त्याची कथा थोडी गमतीची आहे. यंत्र सुरू होताना फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारते, ‘तू कोण?’ लिनक्स प्रामाणिकपणे ‘मी लिनक्स’ असे सांगत नाही. विंडोजच्या आवृत्त्यांची नावे घेऊन विचारले, की तो होकार देतो. याला कारण आहे. यंत्रांची खरी चाचणी विंडोजवरच झालेली असते, त्यामुळे वेगळे नाव सांगितले तर फर्मवेअर कोणत्या न तपासलेल्या वाटेने जाईल याचा नेम नसतो. पण या वेषांतराचीही किंमत मोजावी लागली. विंडोज ८ पासून उजेडाचे काम ग्राफिक्स ड्रायव्हर थेट करू लागला. कंपन्यांनी तीच वाट तपासली आणि एसीपीआयची जुनी वाट अनेक यंत्रांत नादुरुस्त राहिली. लिनक्सने विंडोजचे नाव धारण केलेले, पण वाट धरली जुनी. परिणाम आपण पाहिलाच: पट्टी हलते, दिवा हलत नाही. २०१३-१४ च्या सुमारास या दोषाने लिनक्स वापरणाऱ्यांना बरेच छळले. पुढे नव्या यंत्रांसाठी थेट वाटेला प्राधान्य दिले गेले, आणि २०२२ च्या शेवटी आलेल्या ६.१ या आवृत्तीसाठी हान्स द गुडे या विकासकाने या साऱ्या व्यवस्थेची नव्याने मांडणी केली. ‘एका पडद्याला एकच कळ’ हे त्या मांडणीचे सूत्र. तरीही काही जुनी यंत्रे निसटतात आणि त्यांना तो एक शब्द हाताने सांगावा लागतो. या दुरुस्तीत सर्वांत मोलाची गोष्ट ही, की ती चव्हाट्यावर झाली. चूक कुठे होती, कोणी शोधली, कोणत्या ओळी बदलल्या, हे आजही कोणाही विद्यार्थ्याला वाचता येते.

पडद्याच्या विजेचा इतका खोल विचार आपल्या मातीत एकदा प्रत्यक्ष उतरला होता, हे फारच थोड्यांना आठवत असेल. २००७ च्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. वीसएक मुले, एक वर्ग आणि प्रत्येकाच्या हाती संगणक. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या या कल्पनेला केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नकार दिला होता. तरी कर्जतच्या डोंगराळ भागात प्रयोग झाला. शिक्षणाच्या अंगाने तो कितपत यशस्वी ठरला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला इथे त्या यंत्राच्या पडद्याविषयी बोलायचे आहे.

मेरी लू जेप्सेन यांनी रचलेला तो साडेसात इंची पडदा मागचा दिवा विझवला तरी उन्हात वाचता येई. रंग जात, करड्या छटांत अक्षरे मात्र छापील कागदासारखी उमटत. दिवा बंद असताना पडद्याला सुमारे ०.१ वॅट वीज लागे, दिवा लावल्यावर ०.२ ते १ वॅट. त्याहून चतुराईची गोष्ट म्हणजे डीकॉन नावाची एक लहान चिप. पडद्यावरचे चित्र ती स्वतःच्या स्मृतीत ठेवून घेई आणि पडदा ताजा ठेवण्याचे काम स्वतःकडे घेई. तेवढ्यात मुख्य प्रोसेसर झोपी जाई. मूल धडा वाचत असे आणि यंत्राचा मेंदू निद्रिस्त असे. कळ दाबली की जागा होई. ही सूत्रे एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचे काम लिनक्समधला ड्रायव्हर करी. पडद्यावरचे चित्र एकदा पूर्ण रंगवून झाले आणि दुसरे सुरू व्हायचे आहे, त्या निमिषार्धात त्याला अदलाबदल साधावी लागे. क्षण चुकला की पडदा लुकलुके.

या कथेचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. यंत्रे मुलांच्या हाती पडली तेव्हा ही झोप-जाग भरवशाची झालेली नव्हती. २००८ मधल्या आवृत्तीत ती वापरणाऱ्याने निवडायचा पर्याय म्हणून आली. काच, चिप आणि बॅटरी वेळेवर तयार होत्या. त्यांना एका सुरात आणणारे सॉफ्टवेअर मागून आले. यंत्राची कीर्ती झाली, ड्रायव्हरचे नाव कोणी घेतले नाही.

तीच कल्पना पुढे मोठ्या उद्योगाने स्वीकारली. २०११ मध्ये पडद्यांच्या जोडणीच्या मानकात ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ आले. चित्र स्थिर असेल तर पडदाच आपल्या स्मृतीतून ते दाखवत राहतो आणि ग्राफिक्स चिप विसावा घेते. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुधा हीच सोय असेल. तीही लिनक्समध्ये सहजासहजी स्थिरावली नाही. पडदा गोठणे, लुकलुकणे अशा तक्रारी येत. सुविधा सुरू करावी लागे, पुन्हा बंद करावी लागे. वीज वाचवण्याची युक्ती कागदावर एका ओळीची असते, तिला शेकडो प्रकारच्या पडद्यांवर नांदवणे हे वर्षानुवर्षांचे काम असते.

हे काम आपल्या देशात कितीसे होते? २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत ‘सेमिकॉन इंडिया’मध्ये विक्रम हा स्वदेशी प्रोसेसर सादर झाला, तेव्हा आपण सर्वांनी ती बातमी अभिमानाने पुढे पाठवली. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ यांचेही असेच कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण प्रोसेसर तयार झाला म्हणजे संगणक तयार होत नाही. त्याच्याभोवती पडदा, दिवा, बॅटरी, ध्वनी आणि जाळे यांची वस्ती उभारावी लागते आणि प्रत्येक घराला एक ड्रायव्हर लागतो. ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली सी-डॅकने तयार केली आहे, तिलाही शेवटी याच ड्रायव्हरांवर उभे राहावे लागते. चिप म्हटली की दिवाळी आणि ड्रायव्हर म्हटला की दुष्काळ, ही आपली सध्याची रीत आहे.

भिलाईत राहणाऱ्याला हा मुद्दा समजायला अवघड नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपुराकडून, विदर्भातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे तेव्हापासून इथे रुजली. आमच्या पिढीचे बालपण सेक्टरांच्या रस्त्यांवर गेले. त्या काळी यंत्रांबरोबर आराखडे आले, तज्ज्ञ आले आणि आपले अभियंते सोव्हिएत कारखान्यांत जाऊन शिकून आले. भट्टी कशी पेटवायची याबरोबर ती बिघडली तर कशी दुरुस्त करायची, हेही हाती आले. म्हणूनच कारखाना पुढे आपल्याला वाढवता आला. आराखड्याविना मिळालेली भट्टी म्हणजे भाड्याचे घर. खिळा ठोकायलाही मालकाची परवानगी लागायची. आज आपल्या लॅपटॉपच्या बाबतीत आपण असेच भाडेकरू आहोत. पैसे पूर्ण मोजले आहेत, आराखडा मात्र मालकाकडे आहे. आणि एके दिवशी मालक सांगतो, की या घराची देखभाल आजपासून बंद.

यावर काही आक्षेप येतील आणि त्यांतला पहिला मला स्वतःलाच पडलेला आहे. तीन वॅटांचे ते काय? हिशेब करून पाहू. एका प्रयोगशाळेत ६० संगणक आहेत, प्रत्येकाचा पडदा २० वॅट घेतो आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत १४ तास ते निष्कारण जळत राहतात. एका रात्रीत १६.८ युनिट झाली. कोळशावरच्या विजेला एका युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका खोलीत, एका रात्रीत दहा-बारा किलो. ज्या गावात झोतभट्ट्या अहोरात्र पेटलेल्या असतात, तिथे हा आकडा हास्यास्पद वाटेल आणि मी त्याचा बाऊ करणार नाही. देशाचे ऊर्जासंकट पडद्यांच्या उजेडाने सुटणार नाही. पण झोतभट्टीचा कोळसा कमी करणे विद्यार्थ्याच्या हाती नाही, हा उजेड आहे. ऊर्जाबचतीचे संपूर्ण विज्ञान, म्हणजे मोजमाप, अनुमान, बदल आणि पुन्हा मोजमाप, त्याला स्वतःच्या मांडीवरच्या यंत्रात करून पाहता येते. शिवाय ज्याची बॅटरी चारऐवजी साडेपाच तास चालते, त्याला तीन वॅट किरकोळ वाटत नाहीत.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. माहिती उघड केली तर व्यवसायाचे गुपित फुटेल आणि चुकीच्या आज्ञेने पडदा बिघडेल, असे त्या म्हणतात. यातला उत्तरार्ध खरा आहे. पडद्याला वीज कोणत्या क्रमाने द्यायची, दिवा लावण्याआधी किती थांबायचे, याचे नियम असतात आणि ते मोडले तर हानी होऊ शकते. पण याचा निष्कर्ष उलटा निघतो. नियम लपवले तर लोक अंदाजाने आज्ञा देतात. नियम सांगितले तर कोणी मोडणार नाही. इंटेलने आपल्या ग्राफिक्स चिपांची तांत्रिक माहितीपत्रके जाहीर केली, एएमडीने आपला लिनक्स ड्रायव्हर खुला ठेवला. त्या कंपन्यांचा धंदा त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

मग करायचे काय? माझ्या सूचना तीन आहेत. पहिली शिक्षणसंस्थांसाठी. आमच्या परिसरात आयआयटी भिलाई आहे, दुर्गचे भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे. महाराष्ट्रातल्या संस्थांची तर गणतीच नको. ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात प्रक्रियांच्या रांगा कागदावर सोडवून घेतल्या जातात. त्याबरोबर एक खरा ड्रायव्हर वाचण्याचे प्रात्यक्षिक असावे आणि त्यासाठी बॅकलाइटसारखा सोपा, दृश्य नमुना दुसरा नाही. आकडा बदलला की डोळ्यांसमोर उजेड बदलतो. असा तात्काळ निकाल फार थोडे धडे देतात.

दुसरी सूचना सरकारी खरेदीसाठी. सार्वजनिक पैशातून लॅपटॉप घेताना स्मृती किती, चकती किती हे विचारले जाते. पडद्याचे आणि विजेचे नियंत्रण खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही चालले पाहिजे, हे तपासण्याची अट त्यात असावी. ऊर्जा दक्षता ब्युरोची लॅपटॉपसाठी ऐच्छिक तारांकन योजना आहे. तिच्या ताऱ्यांना खरा अर्थ यायचा, तर आधार संपल्यानंतर दुसऱ्या प्रणालीवरही ते यंत्र तितक्याच काटकसरीने चालते का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

तिसरी सूचना तुमच्यासाठी, म्हणजे हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. लिनक्स वापरत असाल, तर त्याच्या ‘सिस’ या फाइल-व्यवस्थेत ‘क्लास’खाली ‘बॅकलाइट’ नावाचा कप्पा आहे. त्यात कमाल उजेड, मागितलेला उजेड आणि प्रत्यक्ष उजेड अशा तीन आकड्यांच्या फायली सापडतील. आज रात्री त्या उघडून पाहा. मागितलेला आणि प्रत्यक्ष उजेड जुळतात का? आकडा निम्मा केल्यावर डोळ्यांना उजेड निम्मा वाटतो का? बॅटरीतून वाहणारी वीज किती उतरते? दहा मिनिटांचा प्रयोग आहे, पण वहीत टिपून ठेवा. तुमच्या यंत्रात दुवा तुटलेला आढळला, तर यंत्राचे नेमके मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि काय घडले ते नीट लिहून विकासकांना कळवा. ड्रायव्हरमधल्या कित्येक दुरुस्त्यांची सुरुवात अशाच एखाद्या नेटक्या तक्रारीतून झालेली आहे. तुमच्यासारखेच यंत्र असलेल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या कोणाची बॅटरी त्यामुळे वाचेल.

माझ्याकडे आलेल्या त्या विद्यार्थ्याने जाताना मला विचारले होते, ‘सर, तो एक शब्द तुम्हाला कसा माहीत?’ मी म्हणालो, ‘कोणीतरी लिहून ठेवला होता, मी वाचला.’ काही दिवसांनी त्याने मला त्याच ड्रायव्हरच्या काही ओळी छापून आणून दाखवल्या. समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले होते. त्यांतल्या दोघा-तिघांची उत्तरे मलाही येत नव्हती. आता दर रविवारी आम्ही दोघे मिळून ती शोधतो.